राजीनामा : जुना अर्थ व ग्रामपंचायतींतील नवा कागद

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांत टेंभुर्णी हें गांव आहे. सोलापूरकडील टेंभुर्णी ती निराळी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ त तो मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. येथील ग्रामपंचायतींच्या दप्तरांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, म्हणून मुदतीपूर्वीं दिलेल्या राजीनाम्यांविषयीं आम्ही चार शब्द लिहीत आहों.

राजीनामा यांतील ‘राजी’ हें पद मूळ अरबी, ‘नामा’ हें फारसी. संमतीचा लेख हा त्याचा मूळार्थ. पेशवाईंतील निवाड्यांत वादी व प्रतिवादी पंचांपुढें राजीनामा लिहून देत. पंच करतील तो निवाडा मान्य, असा त्याचा आशय. हरणारा पुढें यजितखत देई. इंग्रजी अंमलांत जमीन सोडणारा रयत राजीनामा देई व नवा खातेदार कबुलायत लिहून देई. अशा रीतीनें संमतीचा शब्द सोडचिठ्ठीचा झाला, व तेथून तो पदत्यागाकडे वळला.

पाटिलकी वंशपरंपरेची. ती विकीत, वांटून घेत. परंतु तीस मुदत नसल्यानें मुदतीपूर्वीं पद सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मुदत आली ती निवडणुकीबरोबर. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें सदस्य आपला राजीनामा सरपंचास देतो, व सरपंच पंचायत समितीच्या सभापतीस. तो पंचायतीच्या पुढील सभेपुढें ठेवावा लागतो. त्यानंतर सात दिवसांत त्याच्या खरेपणाविषयीं तक्रार न झाल्यास तो अमलांत येतो. झाल्यास जिल्हाधिकारी निर्णय देतो. म्हणजे देणारा खरोखर राजी होता काय, हा जुनाच प्रश्न नव्या कायद्यानेंही विचारला आहे.

तो निरर्थक नव्हे. कित्येक गांवीं एकाच गटांतील दोघे-तिघे पद वांटून घेण्याचा करार करितात, व पहिल्याकडून राजीनामा आधींच लिहून घेतात. तारखेची जागा तेवढी कोरी. कागदावर कारण ‘वैयक्तिक’, करार मात्र तोंडीं. केवळ तो कागद वाचणारास खरी हकीकत कळणार नाहीं.

याच्या उलट प्रकार जालना जिल्ह्यानेंच दाखविला. १ सप्टेंबर २०२३ रोजीं अंबड तालुक्यांत अंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळीं लाठीमार झाला. ऑक्टोबरअखेर तेथें दुसरें उपोषण चालू असतां मराठवाड्यांतील अनेक गांवच्या सरपंचांनीं व सदस्यांनीं राजीनामे दिले. येथें कारण उघड होतें. नांव राजीनामा, पण लेख नाराजीचा.

तेव्हां आमची सूचना एवढीच कीं, असा कागद सुटा उचलूं नये. ज्या सभेपुढें तो आला तिचें इतिवृत्त, तक्रार असल्यास तिचा निर्णय व पुढील निवडीची नोंद, हीं एकत्र ठेवावीं. यजितखतावांचून जुना राजीनामा जसा अपुरा, तसाच इतिवृत्तावांचून हा नवा. पेशवाईचे रुमाल आपण जपले. कालच्या पंचायतीचा कागद मात्र रद्दींत जातो, आणि तो गेल्यावर कोण राजीखुषीनें गेला व कोणास घालविलें, हें सांगणारा दुसरा साक्षी उरत नाहीं.