दवाखान्याच्या खिडकीची गोष्ट



दवाखान्यात पेशंटजवळ रात्रभर कोण बसते? बहुतेक वेळा आपल्यातलीच एखादी. कॉट मिळाली की घरचं कोणीतरी म्हणतंच, "खिडकी लाव वं, हवा लागन." दवाखान्यांचा इतिहास मात्र नेमकं उलटं सांगतो.

१८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा हगवण, पटकी, ताप यांनीच जास्त सैनिक मरत होते. १८५५ च्या मार्चपासून तिथली गटारं साफ झाली, वॉर्डात हवा खेळती केली गेली, आणि काही महिन्यांतच मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पुढे रुग्णसेवेवर लिहिताना नाइटिंगेलबाईंनी खोलीतल्या स्वच्छ हवेला पहिलं स्थान दिलं. मात्र रुग्णाला थंडी वाजू द्यायची नाही, हेही बजावलं. घाण हवेतूनच रोग उपजतो, असं तेव्हा मानत. ते कारण चुकीचं ठरलं, पण उपाय टिकला. उंच छत आणि समोरासमोर मोठ्या खिडक्या असलेले लांब वॉर्ड पुढे देशोदेशी बांधले गेले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला, पण औषध नव्हतं. म्हणून रोग्यांना मोकळ्या हवेच्या जागी ठेवत. आपल्याकडे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढलं, ते यासाठीच. आपल्या वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामला राहणारे गांधीजी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात हवेचं प्रकरण पाणी आणि अन्नाच्याही आधी आहे.

मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, क्षय बरा होऊ लागला, आणि खिडकीचं महत्त्व मागे पडलं. छतं खाली आली, खिडक्या लहान झाल्या, एसी बसले. पण साधा भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. एकाच्या खोकल्यातले जंतू दुसऱ्याच्या श्वासात जायचा धोका तसाच राहतो.

पेरू देशातल्या लिमा शहरात आठ दवाखान्यांची हवा मोजली गेली. तो अभ्यास २००७ साली छापून आला. खिडक्या-दारं उघडी असताना जुन्या, उंच छताच्या खोल्यांत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. नव्या इमारतींत १७ वेळा, आणि यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. भारत सरकारनंही २०१० साली दवाखान्यांतल्या हवेतून पसरणाऱ्या रोगांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. करोनात तर हे साऱ्या जगाला नव्यानं शिकावं लागलं.

आपल्या हातात काय आहे? जनरल वॉर्डात सिस्टरला विचारून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. एकच उघडली तर वारा आरपार जात नाही. नुसता पंखा आतलीच हवा ढवळतो. उन्हाळ्यात कूलर लावला, तर हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. थंडीत खिडकी बंद करण्याआधी पेशंटच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकावी. अतिदक्षता विभागात मात्र तिथले नियम पाळायचे.

आणि घरी बाळंतिणीची खोली बंद करून आत शेगडी पेटवतात, तेही थांबायला हवं. तो धूर आणि कोंडलेला विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही छातीत जातो. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत ही गोष्ट सासवांसमोर काढा. त्यांचं मन वळलं, तरच घरातली ती खिडकी उघडेल.