वऱ्हाडातील उन्हाळा आणि मोटारीचा पंखा

१८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केल्यावर येथील कचेऱ्यांतून दोरीने ओढावयाचे पंखे व भिजवलेले वाळ्याचे पडदे साहेबांचा उन्हाळा सुसह्य करीत; रयतेच्या वाट्याला मात्र निंबाची सावलीच होती. पुढे अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनीच्या काळातही अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास जाणारा प्रवासी काचा उतरवून तप्त झळा मुकाट्याने सोशी, आणि वातानुकूलित मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली ती १९८३ च्या मारुतीनंतर, हळूहळू.

अशा जुन्या वातानुकूलित गाडीत हवा खेळवणारा पंखा वैशाखात घरघरू लागला, तर काचेखालच्या जाळीतून शिरलेली निंबाची वाळकी पाने, पात्यांवर थिजलेली धूळ अथवा कोरडे पडलेले बुश, हेच बहुधा कारण असते. जाणता मिस्त्री डॅशबोर्डखालून पंखा उतरवतो, पिंजऱ्यासारखे त्याचे चक्र बोटाने फिरवून तोल पाहतो, पाती ब्रशने झाडतो आणि बुशाला तेलाचा थेंब देतो. झिजलेले कार्बन मात्र बदलावेच लागतात. या हस्तकौशल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, ही मला मोठी उणीव वाटते. निंबाची पानगळ सरताच, ऊन चढण्यापूर्वी, वाचकांनी आपल्या गाडीचा पंखा एकदा उघडून घ्यावा.