डॅशबोर्ड (व्यवस्थापन)

संस्थेच्या रोजच्या व्यवहारांतून तयार होणाऱ्या नोंदी एकत्र करून त्यांतले निवडक आकडे आलेख, नकाशे व तक्ते यांच्या रूपाने एकाच पडद्यावर दाखवणारी संगणकीय सोय. नोंदी गोळा करणे, त्यांतल्या चुका काढणे, त्या साठवणे व तपासणे या तिच्यामागच्या सगळ्या कामाला बिझनेस इंटेलिजन्स किंवा नुसते ‘बीआय’ म्हणतात. छापील एमआयएस रिपोर्टला, म्हणजे व्यवस्थापनासाठी ठरावीक काळाने काढलेल्या अहवालाला, उलट प्रश्न विचारता येत नाही. डॅशबोर्डला विचारता येतो. राज्याच्या विक्रीवर क्लिक केले की जिल्हे उलगडतात, जिल्ह्यावर केले की दुकाने आणि दुकानावर केले की एकेका मालाचा खप. यालाच ‘ड्रिल-डाउन’ म्हणतात. फिल्टर लावून तारीख बदलली किंवा एखादा माल वगळला, तर उरलेले आलेखही लगेच बदलतात.

‘बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम’ या शीर्षकाचा लेख आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये लिहिला. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसमुळे (तक्त्यांच्या रूपातल्या नोंदसंग्रहामुळे) विखुरलेल्या नोंदी एकमेकींना जोडणे सोपे झाले. 1990 नंतर बिल इन्मन व राल्फ किंबॉल यांनी डेटा वेअरहाउसच्या, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र साठवणाऱ्या भांडाराच्या, रचनेला शिस्त लावली. टॅब्लो (स्थापना 2003) आणि मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय (2015) या साधनांमुळे हे काम संगणक विभागाबाहेर, हिशेब आणि विक्री सांभाळणाऱ्यांच्या हाती आले.

या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रयोग मात्र चिलीत झाला. साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने ताब्यात घेतलेल्या कारखान्यांचा कारभार पाहण्यासाठी ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ स्टॅफर्ड बिअर यांच्या मार्गदर्शनाखाली 1971 मध्ये ‘सायबरसिन’ प्रकल्प सुरू झाला. कारखान्यांकडचे आकडे टेलेक्सने सांतियागोला येत आणि संगणक त्यांतले नेहमीपेक्षा वेगळे वळण हेरत असे. निर्णय घेण्यासाठी डिझायनर गुई बोन्सीपे यांच्या चमूने षट्कोनी खोली रचली. तिच्यात सात फिरत्या खुर्च्या होत्या आणि खुर्चीच्या हातावरची बटणे दाबून समोरच्या पडद्यांवरची चित्रे बदलता येत. पडद्यांवरचे आलेख मात्र कलाकार हाताने काढत आणि त्यांच्या स्लाइड प्रोजेक्टरवर लावल्या जात. ऑक्टोबर 1972 च्या ट्रकमालकांच्या संपात सरकारच्या कामी आले ते टेलेक्सचे जाळे. माल कुठे अडला आहे आणि कोणता रस्ता मोकळा आहे, हे त्यावरून कळत राहिले. खोली मात्र नमुन्याच्या अवस्थेतच राहिली. 11 सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावाने प्रकल्प संपला.

आजही खरी मेहनत पडद्याच्या मागेच असते. बिलिंग, गोदाम, पगार, बँक अशा निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी ठरलेल्या वेळी उचलून, एका साच्यात बसवून वेअरहाउसमध्ये भरल्या जातात. त्याआधी व्याख्या ठरवाव्या लागतात. ‘विक्री’ म्हणजे ऑर्डर मिळाली ती, बिल झाले ते, की पैसे जमा झाले ते? परत आलेला माल वजा करायचा का? जीएसटी धरायचा का? हे लिहून ठेवले नाही, तर विक्री विभाग आणि हिशेब विभाग एकाच बैठकीला दोन वेगळे आकडे घेऊन येतात आणि बैठक आकड्यांवरच संपते. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी करायचे हे काम सर्वांत जास्त टाळले जाते, आणि बहुतेक डॅशबोर्ड इथेच फसतात.

नोंद नीट झाली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 2015 पासून भारतात टप्प्याटप्प्याने आणलेली ‘ई-विन’ ही लससाठ्याची व्यवस्था. लसीच्या किती बाटल्या आल्या, किती वापरल्या आणि किती उरल्या, हे साठा सांभाळणारा कर्मचारी मोबाइलवर भरतो. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्यासाठी शीतपेटीत सिमकार्ड असलेले तापमापक बसवलेले असते. पारा या मर्यादेबाहेर गेला की संबंधितांना संदेश जातो. कोणत्या केंद्रात लस संपत आली आहे आणि शेजारच्या कोणत्या केंद्रात ती जास्त आहे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून दिसते, त्यामुळे बालके लसीविना परत जाण्याआधीच साठा हलवता येतो.

कोविडच्या साथीने डॅशबोर्ड घराघरांत नेला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा जगाचा नकाशा 22 जानेवारी 2020 रोजी सुरू झाला आणि 10 मार्च 2023 पर्यंत चालू होता. मुंबईत जून 2020 मध्ये महापालिकेने 24 वॉर्डांत वॉर रूम उघडून खाटांचे वाटप तिथून सुरू केले. रुग्णालयाने डिस्चार्जची नोंद वेळेवर केली, तरच रिकामी झालेली खाट तिथे दिसे. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या फाइलमध्ये 65,536 च ओळी मावतात. परिणामी 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. पडद्यावरचा आलेख मात्र नेहमीसारखाच चालू होता.

चूक नसतानाही आकडे बिघडू शकतात. न्यूयॉर्क पोलिसांनी 1994 मध्ये आयुक्त विल्यम ब्रॅटन यांच्या काळात ‘कॉम्पस्टॅट’ सुरू केले. ठाणेप्रमुखांना आपल्या हद्दीतल्या गुन्ह्यांचे आकडे आणि नकाशे समोर ठेवून बैठकीत जाब द्यावा लागे. तिथून प्रेरणा घेऊन बाल्टिमोर शहराने ‘सिटीस्टॅट’ उभे केले आणि रजा, ओव्हरटाइम, कचरा यांवर तीच पद्धत लावली. पण आकड्यावर बढती ठरू लागली की आकडा सजवण्याचा मोह होतो. कॉम्पस्टॅटचे अभ्यासक जॉन एटर्नो व इलाय सिल्व्हरमन यांनी 2012 च्या आपल्या पुस्तकात, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या सर्वेक्षणाच्या आधारे, गंभीर गुन्हे सौम्य कलमांखाली नोंदवण्याच्या प्रकारांची चर्चा केली आहे. कारखान्यातील टार्गेट असो की सरकारी योजना, जो नोंद भरतो त्यालाच त्या नोंदीवरून शिक्षा होणार असेल, तर ती नोंद खरी राहील अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

नीती आयोगाच्या 2018 पासूनच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात आकडे सजवले जाण्याच्या या धोक्याचा विचार दिसतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे महाराष्ट्रातील जिल्हे त्यात आहेत. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, आर्थिक समावेशन व पायाभूत सुविधा या क्षेत्रांतील 49 निर्देशांकांची माहिती जिल्हे स्वतः डॅशबोर्डवर भरतात आणि सुधारणेच्या वेगावरून त्यांची क्रमवारी लागते. जिल्ह्यांनी भरलेले हे आकडे स्वतंत्र संस्थांकडून पडताळून घेण्याची सोयही त्यात ठेवली आहे.