पेन्शनची पट्टी

पेन्शनच्या कागदात नक्की काय लिहिले आहे हे आपण वेळेवर विचारीत नाही, या परंपरेला आता दोनशे वर्षे उलटून गेली. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव सर जॉन माल्कमला शरण गेले आणि सालाना आठ लाखांच्या पेन्शनवर ब्रह्मावर्ताला जाऊन राहिले. ही पेन्शन हयातीपुरती की पुढच्या पिढीलाही, याचा खुलासा कंपनीने केला तो बाजीराव १८५१ साली वारल्यावर! दत्तकपुत्र नानासाहेबांना छदामही मिळाला नाही. त्यांनी लंडनला वकील धाडला, तोही हात हलवीत परत आला. पुढे १८५७ साली काय झाले ते आपण शाळेत शिकलोच आहोत.

मी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा, बँकेत कारकून. बी.कॉम. असल्यामुळे मला पैशातले कळते अशी गावाची समजूत आहे. घरातली समजूत निराळी, पण ते असो. सरकारी बँकांत १ एप्रिल २०१० पासून चिकटलेल्या आमच्यासारख्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून कापलेले पैसे आणि बँकेची भर बाजारात गुंतवायची, आणि साठीला जे साठेल त्यावर पेन्शन. तेव्हा प्रश्न दोनच: कापले किती आणि वाढले किती?

हे प्रश्न आमच्या गावाला नवे नाहीत. अडतीवर माल घातला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे ओळीने. माणूस आधी कापलेले आकडे वाचतो आणि तिथल्या तिथे भांडतो. भांडता येते, कारण आकडा दिसतो! हाच माणूस पेन्शनच्या पॉलिसीपुढे बसला, की ‘सही कुठं करू?’ एवढेच विचारतो.

२०१० पूर्वी विम्याच्या युनिटवाल्या पेन्शन योजना जोरात खपत. पहिल्या हप्त्यातला बराच भाग खर्चापोटी आधीच उडे. कागदावर ते लिहिलेले नसे असे नाही. पण अक्षर इतके बारीक, आणि पेन्शनची आठवण होते ते वय नेमके मोतीबिंदूचे!

अशात १ मे २००९ रोजी राष्ट्रीय पेन्शन योजना सर्वांना खुली झाली. खाते ठेवण्याचा आकार वेगळा, पण पैसे गुंतवण्याचा आकार किती? ०.०००९ टक्के. म्हणजे लाखाला वर्षाकाठी नव्वद पैसे! शिवाय युनिटचा भाव रोज जाहीर. तुम्हाला वाटेल, लोकांनी रांगा लावल्या असतील. छे! सुरुवातीला फारसे कोणी फिरकलेच नाही. विकणाऱ्याला त्यात काही सुटत नव्हते, मग सांगायला येणार कोण? नव्वद पैशांसाठी केदारखेड्याचे एस.टी.चे तिकीट कोण काढील? पुढे २०१० मध्ये विमा नियामकाने युनिटवाल्या योजनांच्या खर्चाला लगाम घातला. इकडे पेन्शन फंडाचा कमाल आकार २०२१ मध्ये ०.०९ टक्क्यांवर गेला. पैशांचे रुपये झाले, तरी लाखाला नव्वदच!

‘एखाद्या टक्क्याने काय होतंय हो?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. महिना १,००० रुपये ३० वर्षे भरले, म्हणजे खिशातून गेले ३ लाख ६० हजार. ८ टक्क्यांनी वाढले तर होतात सुमारे १४ लाख ९० हजार. त्यातला एक टक्का दरवर्षी खर्चात गेला आणि हाती ७ राहिले, तर १२ लाख २० हजार. म्हणजे हमाली झाली २ लाख ७० हजार! एवढ्या पैशात हमाल मालाबरोबर मालकालाही उचलून घरी पोचवील.

बाजीरावांना खोदून विचारण्याची सोय नव्हती. समोर तोफा होत्या. आपल्यासमोर टाय लावलेला एक घामाघूम पोरगा असतो. त्याला पाणी द्यावे आणि म्हणावे, ‘बाबा, ते रंगीत चित्रांचं पुस्तक राहू दे. आधी पट्टी काढ.’