अंतर, प्रवासकाल आणि चुडावा स्थानक
मुंबई व हैदराबाद यांमधील हवाई अंतर सुमारे 620 किलोमीटर आहे; विमान ते सुमारे दीड तासात आक्रमिते. मनमाडमार्गे लोहमार्गाने हेच अंतर पावणेनऊशेच्या आसपास भरते. पूर्णा–नांदेड टप्प्यावरील चुडावा याच लोहमार्गावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून नेलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटर गेजचा होता. मनमाडपुढे ब्रॉड गेज असल्याने मुंबईच्या प्रवाशास तेथे गाडी बदलावी लागे. 1990 च्या दशकात चुडाव्याकडील मार्गाचे गेज बदलले. अंतर तेवढेच राहिले, खोळंबा मात्र टळला. विमानाची सरळ रेषा चुडाव्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेने जाते. तेव्हा अंतर घटले असे म्हणण्यापूर्वी ते कोणासाठी घटले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.