जड माल की हलका? ट्रकमालकाला नेमकं काय परवडतं?

सिमेंट, सळई घ्यायची की चिप्सचे खोके? स्वतःच ट्रक चालवणाऱ्या मालकाचा महिन्याचा हप्ता या निवडीवर अवलंबून असतो.

जड मालाचं भाडं सहसा टनावर ठरतं. म्हणजे गाडी पासिंगइतकी भरली तरच फेरी परवडते. पण कसारा किंवा बोरघाट चढताना हेच वजन डिझेल पितं; टायर, ब्रेकही लवकर झिजतात. हलक्या मालात वजन होण्याआधीच हौदा भरतो. इथे टनाचा दर मान्य केला तर मालक बुडालाच! म्हणून पूर्ण गाडीचं भाडं ठरवतात. टोल गाडीच्या प्रकारावर असल्याने चिप्स नेले म्हणून तो कमी होत नाही.

खरा मोह असतो पासिंगपेक्षा जास्त भरण्याचा. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार त्याला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. हलका मालही सुटत नाही. चारा किंवा भुसा हौद्याबाहेर आला, तरी २०,००० रुपयेच.

आणि परतीचा लोड मिळाला नाही, तर रिकाम्या गाडीचं डिझेल जातानाच्या भाड्यातूनच जातं. त्यामुळे अनेकदा थोडं कमी भाडं घेऊन परतीचा माल पक्का असलेलं गाव निवडलं जातं.