संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९० - १९२१)



आपल्या गणेशोत्सवात दरवर्षी नाट्यसंगीताचा एक तास असतोच. त्यात बालगंधर्वांचे नाव निघाले नाही असे कधी होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले जायचे, त्या केशवराव भोसल्यांविषयी विचारले तर आपल्यापैकी बरेच जण "कोल्हापूरचे नाट्यगृह" एवढेच सांगून थांबतात. आम्हीही त्यातलेच होतो. म्हणून या वेळच्या ओळख-सदरात ही माहिती एकत्र करून देत आहोत. इथे वाढलेल्या मुलांना वाचून दाखवता यावी म्हणून काही गोष्टी मुद्दाम सविस्तर लिहिल्या आहेत.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: संगीत नाटक म्हणजे ब्रॉडवेसारखे का? उत्तर हो आणि नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. अमेरिकन संगीत नाटकाच्या इतिहासात ज्याला मोठे वळण मानतात ते 'शो बोट' आले १९२७ साली. म्हणजे आपल्याकडे तोवर दोन पिढ्या पदे ऐकून मोठ्या झाल्या होत्या. फरक एवढाच की ब्रॉडवेचे नाटक एका ठिकाणी बसून चालते, तर आपली कंपनी बिऱ्हाड-बाजल्यासह गावोगाव फिरायची. नट, साथीदार, आचारी, पडदे, कपड्यांच्या पेट्या, सगळे आगगाडीने. मायक्रोफोन नाही, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे ही गळ्याचीच जबाबदारी. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत.

बालपण

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची, आणि आई जानकीबाईंपुढे मुलांना वाढवायचे कसे हा प्रश्न. त्या काळी गोड गळ्याच्या गरीब मुलाला एक दार उघडे असे, ते म्हणजे नाटक कंपनीचे. तिथे दोन वेळचे जेवण मिळे, कपडा मिळे आणि गाण्याची तालीमही मिळे. केशवराव अगदी लहानपणी, शाळेत जाण्याच्या वयात, जनुभाऊ निमकरांच्या 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत दाखल झाले. शाळा जी झाली ती तालमीतच.

या कंपनीत त्यांचे नाव झाले ते गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकामुळे. पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट, १८९९ साली रंगभूमीवर आलेली. शारदेचे काम करणारा केशव स्वतःच कोवळ्या वयाचा होता. घाबरलेल्या मुलीची व्यथा एका खऱ्याखुऱ्या लहान गळ्यातून ऐकताना प्रेक्षकांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. (जाता जाता: १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक 'सारडा कायद्या'चे नाव या नाटकावरून पडले असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ते नाव कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे आहे. पण नाटकाने महाराष्ट्राचे मन आधीच तयार करून ठेवले होते, हे मात्र खरे.)

सतरा वर्षांचा मालक

पुढे केशवराव त्या कंपनीतून बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. वय सतरा. आपल्याकडे सतरा वर्षांच्या मुलाला गाडीची किल्ली देताना आपण दहा सूचना देतो! या मुलाने अख्ख्या कंपनीच्या पोटापाण्याचा भार अंगावर घेतला. हुबळी आज कर्नाटकात असली तरी त्या काळी धारवाड, हुबळी, बेळगाव हा सगळा पट्टा मराठी नाटकांचा हक्काचा मुलूख होता, हेही इथे सांगितले पाहिजे.

गाण्याची तालीम त्यांना रामकृष्णबुवा वझ्यांची मिळाली. आवाज उंच पट्टीचा, तेजस्वी, तानेला झपाटा असलेला. लोकांनी 'संगीतसूर्य' म्हटले ते उगीच नव्हे. बालगंधर्वांच्या गाण्यात चांदण्याचा गोडवा होता, असे आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद आपल्या आजोबांच्या हवाल्याने सांगतात, आणि केशवराव म्हणजे भर दुपार.

ललितकलादर्शची नाटके पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. जुनी 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' चालू असतानाच केशवराव नव्या लेखकांवर पैसा लावत होते. हिराबाई पेडणेकर या लेखिकेचे 'दामिनी' त्यांनी रंगभूमीवर आणले. बाईने नाटक लिहावे हीच गोष्ट त्या काळी अनेकांच्या पचनी पडत नव्हती. वीर वामनराव जोशींच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मध्ये केशवरावांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हुंड्यावर होते आणि 'संन्याशाचा संसार' धर्मांतराच्या प्रश्नावर. ही नाटके आज वाचायला थोडी जड जातात, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. पण पौराणिक नाटकांवर तिजोरी भरत असताना चालू प्रश्नांवर नाटक लावणे म्हणजे मालकाने स्वतःच्या खिशाशी खेळणे होते.

रंगमंचाच्या देखणेपणाकडेही त्यांचे लक्ष असे. ज्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या चुलतभावांनी त्या काळी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्यातल्या बाबूरावांनी पुढे १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. म्हणजे मराठी सिनेमाचा एक झरा या रंगवलेल्या पडद्यांमागूनच निघतो.

८ जुलै १९२१

केशवराव आणि बालगंधर्व, म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस. वयात दोन वर्षांचे अंतर. एक ललितकलादर्शचा मालक, दुसरा १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा प्राण. महाराष्ट्रात तेव्हा घराघरात दोन तट होते. दोन्ही कंपन्यांचे मुक्काम एका गावात पडले की तिकीट कुणाचे काढायचे यावरून वाद व्हायचे.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंड उभारला. या फंडाच्या मदतीसाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून एक खेळ करायचे ठरवले. नाटक निवडले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान'. खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी, तेव्हा निवडीलाही एक अर्थ होता.

मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये ८ जुलै १९२१ रोजी हा 'संयुक्त मानापमान' झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव, आणि लक्ष्मीधर गणपतराव बोडस. नाटक माहीत नसलेल्यांसाठी: श्रीमंतीचा तोरा असलेली भामिनी गरीब पण शूर धैर्यधराचा अपमान करते आणि मग हळूहळू त्याचे मोल तिला कळते. म्हणजे रंगमंचावरच्या दोघांमध्येही चढाओढ, आणि ती करणाऱ्या नटांमध्येही!

'मानापमान' गंधर्वांच्या हातचे नाटक होते. १९११ पासून ते भामिनी करत होते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली त्यांच्या गळ्यात मुरलेल्या. केशवराव दुसऱ्याच्या अंगणात खेळायला गेले होते. तरीही त्या रात्रीच्या आठवणी ज्यांनी लिहिल्या, त्यांनी धैर्यधराने भामिनीला गाण्यात तोडीस तोड उत्तर दिल्याचे लिहून ठेवले आहे. कोण जिंकले यावर पुढची पन्नास वर्षे लोक भांडले. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्या दोन कंपन्या एका रात्रीसाठी आपला गल्ला एका फंडात टाकतात, ही त्यातली मोठी गोष्ट. (दोन शेजारच्या मंडळांचा एक संयुक्त दिवाळी कार्यक्रम ठरवताना आम्हाला किती बैठका लागल्या ते आम्हालाच ठाऊक!)

योगायोग पाहा. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये 'शफल अलाँग' हे नाटक गाजत होते. ते कृष्णवर्णीय कलाकारांनी लिहिलेले, संगीत दिलेले आणि केलेले होते, आणि मे १९२१ मध्ये सुरू झाले होते. मुलांना ब्रॉडवेचा इतिहास सांगताना हे दोन्ही खेळ एकाच वर्षाच्या खाली लिहायला हरकत नाही.

त्यानंतर तीन महिने पुरते झाले नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. ज्या तापावर आज आठवडाभराची औषधे पुरतात त्यावर तेव्हा काहीच इलाज नव्हता.

कंपनीचे पुढे काय झाले

मालक गेला की नाटक कंपनी बहुधा मोडते. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि १९२२ साली वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आणले. १९३७ मध्ये बापूराव गेले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी १९४२ साली ती पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही आपल्या आईवडिलांनी पाहिलेली नाटके याच संस्थेची. भालचंद्र, म्हणजे सर्वांचे अण्णा, २०१५ साली वारले. सतरा वर्षांच्या मुलाने हुबळीत लावलेल्या रोपाने शंभरी पाहिली.

नाट्यगृह

राजर्षी शाहू महाराजांचा केशवरावांना आश्रय होता. महाराजांनी कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागूनच एक थिएटर बांधले आणि १९१५ साली ते 'पॅलेस थिएटर' म्हणून खुले झाले. मल्ल आणि गवई शेजारी-शेजारी, ही खास कोल्हापुरी मांडणी! मधे एकही खांब नव्हता, त्यामुळे कुठेही बसले तरी रंगमंच दिसायचा. १९५७ साली या वास्तूला केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्याकडे तेव्हा दुपार होती. कोल्हापूरकर सभासदांच्या फोनवर एकामागून एक चित्रफिती येऊ लागल्या. छप्पर पेटलेले, आणि रस्त्यावर उभे राहून रडणारे नट आणि पडद्यामागचे कामगार. आमच्यातल्या एकाने शाळेत असताना तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता. तो त्या दिवशी ऑफिसातून उठून गाडीत जाऊन बसला. रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळून गेल्या, दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. वास्तू जशी होती तशीच उभी राहावी, असा कोल्हापूरकरांचा आग्रह होता.

सभासदांपैकी कुणाकडे या नाट्यगृहातले जुने फोटो, नाटकांच्या जाहिराती, तिकिटांचे अर्धुक किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील तर त्या जरूर कळवाव्यात. गणेशोत्सवात त्यांची एक भिंत सजवायचा विचार आहे. मूळ कागद पाठवू नयेत, स्कॅन केलेली प्रत पुरे. फोटोमागे गाव आणि साल लिहिलेले असेल तर ती बाजूही स्कॅन करावी.